बटण बंद असलं तरी

माझी माय भांडखोर नाही, मी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी चिडले की तुम्हाला नवल वाटायला नको.

मी शालू. हिंगणघाटला एका जिनिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. बाई आणि इलेक्ट्रिशियन, हे ऐकून लोक अजून भुवया वर करतात. करू देत. करंट काही बाई-पुरुष बघून लागत नाही. कापूस यायला लागला की आमच्याकडे सुट्टीचं नावच काढायचं नसतं, तरी बाबांच्या वर्षश्राद्धासाठी मी सुपरवायझरशी कचाकचा भांडले आणि आदल्या दिवशी दुपारी सिंदीला उतरले. स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं घर, घरामागं वाडी, वाडीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा गेल्यापासून माय एकटीच सगळं बघते.

बाबा म्हणजे दौलतराव. भाजीची वाडी कसायचे, पण गावात ओळख ऑर्गनवाले म्हणून. भजन मंडळात बाकीचे पेटी वाजवायचे आणि बाबा हे एवढं मोठं धूड घेऊन बसायचे. विजेवर चालणारा ऑर्गन, परदेशी बनावटीचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं मोडीत काढला तेव्हा बाबांनी उचलून आणला. वरून लाकूड, आतून लोखंडी सांगाडा, आणि पट्ट्यांच्या खाली पुढच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलची चकचकीत पट्टी. भजनात मांडी घालून बसतात म्हणून बाबांनी त्याचे लोखंडी पाय कापून बुटके केले होते. बाबा गेल्यावर तो पुढच्या खोलीत भिंतीशी ठेवलेला. वाजवणारं कोणी उरलं नव्हतं.

घरात पाऊल टाकलं तर माय म्हणाली, "चप्पल भाईर काढ. पाय धू अन् इकडं ये."

"पाणी तं पेऊ दे, माय."

"मंग पेजो. पह्यले ये."

तिनं माझा हात धरला आणि त्या स्टीलच्या पट्टीवर ठेवला. ओल्या पायांनी मी फरशीवर उभी होते. बोटांतून सणसण करत काहीतरी वर चढलं, थेट कोपरापर्यंत. मी हात झटकला.

"लागलं नं?" मायचा चेहरा उजळला होता. "तुझे बाबा हायेत."

माझ्या अंगावर काटा आला. बाबांमुळे नाही. मिलमध्ये एक हेल्पर मोटरच्या अंगाला चिकटलेला मी पाहिला आहे. त्याला सुटायचं होतं, ते डोळ्यांत दिसत होतं, आणि हात सुटत नव्हता. तो वाचला, पण ते डोळे अजून माझ्या स्वप्नात येतात.

"माय, करंट उतरला हाय याच्यात."

"बटण बंद हाय नं? पाह्य की. बंद बटणात करंट कुठून येईन?"

बटण खरंच बंद होतं. पण भिंतीतल्या बोर्डात प्लग लावलेला होता, बोर्डाचं बटण चालू. दोन पिनांचा जुना प्लग, अर्थिंगची भानगडच नाही. अशा जुन्या यंत्रांत वायर आत शिरते तिथंच दोन कंडेन्सर बसवलेले असतात, खरखर ऐकू येऊ नये म्हणून. ऑर्गनचं बटण त्यांच्यानंतर येतं. म्हणजे बटण बंद असलं तरी करंट त्या कंडेन्सरपर्यंत येऊन बसलेलाच असतो. ते जुने झाले, आतला कागद सुकला, की त्यातून तो झिरपत लोखंडी सांगाड्यात उतरतो. मी हे सगळं मायला नीट समजावून सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, लहान लेकराचं ऐकावं तशी.

"तुह्यं शिक्षण बराबर हाय, बाई," ती म्हणाली. "पण पह्यले नुसत्या मुंग्या येत. मंग मनगटापर्यंत येऊ लागलं. आता कोपरापर्यंत येते. वाढून राह्यलं थे. त्यायले काही सांगायचं असन."

वाढून राह्यलं, म्हणजे कंडेन्सर दिवसेंदिवस जास्त खराब होत होते.

माय चहा टाकायला आत गेली तशी मी प्लग ओढून काढला. चहा घेऊन आली, कप खाली ठेवला, आणि प्लग परत लावला. मी पुन्हा काढला. तिनं पुन्हा लावला. मग मीच थांबले, कारण ती पिना बोटांत धरून लावत होती आणि मला ते पाहवेना.

तेवढ्यात शेजारच्या कौशल्याबाई आल्या. आल्या त्या थेट ऑर्गनपाशी, पट्टीला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कवा आली वो शालू? तुह्या बाबाचं सत मोठं हाय बाप्पा! माह्या गुडघ्याचा ठणका गेला."

"काकू, अशाच हात लावत राहा. एक दिवस साराच ठणका जाईन," मी म्हटलं.

त्यांना ते लागलं. लागू दे. दर गुरुवारी आळीतल्या बाया येतात म्हणे, चपला दाराबाहेर काढून, ओळीनं. आता काय बोलायचं! पायात साधी रबरी चप्पल असती तर एकीलाही काही जाणवलं नसतं. पण बाबांसमोर चप्पल घालून कोण जाणार?

माय वाडीत भाजी तोडायला गेली तेव्हा मी बॅगेतून झिरोचा बल्ब काढला. दोन वायरी जोडलेला तो बल्ब माझ्याजवळ कायम असतो. एक वायर लांब करून बोअरच्या लोखंडी पाइपाला बांधली, म्हणजे जमिनीतून अर्थिंग मिळतं, दुसरी त्या स्टीलच्या पट्टीला टेकवली. नुसता थेंबभर करंट झिरपत असेल तर बल्ब पेटत नाही. टेस्टर पेटतो, हाताला मुंग्या येतात, पण बल्बला ते पुरत नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको पेटू, नको पेटू.

बल्बातली तार लाल झाली. उजेड पडला नाही, पण चुलीतल्या विझत्या काडीसारखी ती लाल होऊन राहिली. माणसाला तेवढी लाली पुरते. आजवर माय कोरड्या पायांनी, कोरड्या फरशीवर उभी राहून हात लावत होती म्हणून निभावलं होतं.

मी तशीच वाडीत गेले. म्हटलं आता गोड बोलून काम होणार नाही. "माय, मी ऑर्गन खोलतो. दोन कंडेन्सर कापायचे हायत, बस. वाजाले काही होत नाई."

मायचा मेथीवरचा हात थांबला. "त्यायच्या आंगाले कटर लावशीन?"

"थे बाबा नाईत, माय! लोखंड हाय थे!"

"उद्याचं होऊ दे. उद्या मी ओलेत्यानं नमस्कार घालनार हाव. बोलली हाव मी तसं."

आमच्याकडे मोठा नवस असला की बायका आंघोळ करून, तशाच निथळत्या लुगड्यानं देवापुढं जातात. अंग पुसत नाहीत, पदर पिळत नाहीत. माय तशी जाणार होती. ओली साडी, ओले पाय, फरशीवर पाण्याचं थारोळं, दोन्ही तळहात आणि कपाळ त्या पट्टीवर. मी वाफ्याच्या बांधावर बसलेच.

संध्याकाळी मंडळाचे किसनराव काका सतरंज्या घेऊन आले. बाबांचे जुने सोबती, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांना तो बल्ब लावून दाखवला. त्यांनी तो पाहिला, दाढी खाजवली.

"पोरी, तुह्यं खरंही असन. पण तुह्या मायनं एक वरीस याच्याच भरोशावर काढलं. वरसाच्या दिवशी तिचं मन नोको मोडू. उद्याचं पार पडलं की खोल नं, मी कुठी नाई म्हून राह्यलो?"

"उद्याच तं मरन ती, काका!"

"अवो, शुभ बोल."

शुभ बोल! माझं डोकं असं सणकलं की त्यांच्या वयाचा मान नसता तर मी त्यांचाच हात धरून ओल्या पायानं त्या पट्टीवर ठेवला असता. एवढा शहाणा माणूस, जिल्हाभर भजनाला फिरलेला, आणि म्हणतो शुभ बोल.

जेवताना मायनं मला आण घातली. "माह्या गळ्याची शपथ घे. खोलनार नाई म्हून."

घेतली शपथ. खोटी घेतली. माय समाधानानं जेवली, आणि हात धुतल्यावर कमरेची कपाटाची किल्ली काढून मला म्हणाली, हे तुह्याजवळच राहू दे, सकाळी मले ध्यान राहणार नाई. ती किल्ली तिनं आजवर मला एकदाही दिली नव्हती. मी घेतली आणि उशाखाली ठेवली. माझं सगळं डोकं त्या वेळी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर यांच्यातच होतं.

सकाळी थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. माय न्हाणीत गेली. मंडळातली माणसं अंगणात टाळ-मृदंग उतरवत होती. मी ओसरीवरच्या बोर्डाचा मेन स्विच खाली ओढला, प्लग काढला आणि ऑर्गन भिंतीपासून सरकवून मागची फळी खोलायला लागले. तीन स्क्रू सुटले, चौथा गंजलेला, जाम फिरेना. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. मी त्या स्क्रूला काय काय शिव्या दिल्या ते इथं सांगत नाही. शेवटी फळीच वाकवली आणि आत हात घातला.

दोन्ही कंडेन्सर वायरीच्या तोंडाशीच होते. एक फुगलेला, फुटून त्यातून मेणासारखं काहीतरी गळून खाली थिजलेलं. दोन्ही कापून काढले, खिशात टाकले. पण ट्रान्सफॉर्मरही तेवढाच जुना. त्याच्याही गुंडाळीतून करंट सांगाड्याला उतरत असला तर? ते फक्त बल्बनं कळणार, आणि बल्बसाठी लाइट चालू करायला हवी, बोअरपर्यंत वायर न्यायला हवी. न्हाणीचं दार वाजलं. मी फळी लावली, ऑर्गन मागं ढकलला आणि उभी राहिले.

माय आली. पांढरी साडी अंगाला चिकटलेली, केसांतून पाणी गळत होतं, पावलागणिक फरशी ओली होत होती. ओठ निळे पडले होते. तोवर खोलीत मंडळी येऊन बसलेली, कौशल्याबाई हात जोडून उभ्या. मायनं ऑर्गनकडे पाहिलं, मग भिंतीकडे. प्लग लोंबत होता. तिनं तो ओल्या हातानं उचलला आणि बोर्डात खुपसला. मग ट्यूबलाइटकडे पाहिलं.

"लाइट काऊन गेली?"

"गेली असन," मी म्हटलं. "तू घाल नमस्कार. कुडकुडून राह्यली तू."

"लाइट येऊ दे."

"माय, बाबाले लाइट कायले पाह्यजे? घाल नमस्कार अन् कपडे बदल."

"येऊ दे म्हटलं नं."

ती तशीच उभी राहिली. दातांवर दात आपटत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मला वाटलं, उभी राहू दे, थकेल, सर्दी झाली तर झाली. मेन स्विच खाली आहे तोवर तिला काही होत नाही. मी देवाला हात जोडले नाहीत, त्या मेन स्विचला जोडले.

आणि किसनराव काका उठले. "जरा पाह्यतो," म्हणत ओसरीवर गेले, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "अवो, मेन सुचच पडला हाय!"

"काका, नाई!"

खट् आवाज झाला. ट्यूबलाइट फडफडली आणि लागली. मायनं दोन्ही हात पुढं केले.

"माय, थांब!" मी कशी मधे पडले ते मला आठवत नाही. तिला खांद्यानं ढकललं. मी पण अनवाणीच होते, सतरंजीवर चपला कोण आणू देतो? पायाखाली तिच्या साडीचं पाणी. मी उजव्या हाताची मूठ वळली आणि उलटा हात त्या पट्टीला लावला. आमच्यात असाच लावतात. तळवा लावला तर करंट मूठ आवळून धरतो, उलट्या हाताला निदान फेकून देतो.

स्टील थंडगार होतं. बाकी काही नाही. मी हात तसाच ठेवला, मग सरकवत या टोकाकडून त्या टोकाला नेला. मुंगीसुद्धा नाही. ट्रान्सफॉर्मर चांगला होता. मी बाजूला झाले.

"घाल आता," मी म्हटलं.

माय वाकली. दोन्ही तळहात पट्टीवर, त्यांच्यामधे कपाळ. खोलीत कोणी हलत नव्हतं. किसनराव काका दारात डोळे मिटून उभे होते. माय तशीच राहिली, खूप वेळ. मग तिनं तळहात जरा सरकवले. पुन्हा दाबले. मान न उचलताच डावा हात भिंतीकडे नेऊन प्लग नीट बसला आहे का चाचपलं, आणि तो हात परत आणून ठेवला. तिच्या पाठीचे मणके ओल्या साडीतून दिसत होते. एवढी वाळली होती ती, आणि कालपासून माझ्या नजरेला ते आलंच नव्हतं.

मग ती उठली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ओरडेल, शपथ मोडली म्हणून शिव्या घालेल. ती आतल्या खोलीत निघून गेली. मी मागोमाग गेले आणि दार लावलं.

"कापलं नं?" तिनं विचारलं.

"हो, कापलं. खोटी शपथ घेतली. मार मले पाह्यजे तं. पण तुह्या जीवाले धोका होता, माय, अन् तू ऐकतच नव्हती. सारं गाव येडं झालं म्हून मीही होऊ का? करंट होता थो. बाबा नव्हते."

"मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"करंट हाय म्हून. मी का येडी हाव? साऱ्या जलमाचा संसार केला त्या माणसासोबत. थेच म्हणत, मंदे, ओल्या पायानं याच्याजवळ नोको येत जाऊ."

"मंग काल मले काऊन म्हटलं, तुझे बाबा हायेत म्हून?"

"नाई तं तू हात लावू देती का मले?" ती खाटेच्या कडेला टेकली. खालच्या फरशीवर पाणी साचत होतं. "कौशल्यानं पह्यले म्हटलं बाबाचं सत हाय. म्या नाई म्हटलं नाई. बरं वाटे. दिवसभर या घरात मले काही लागत नाई, शालू. ना कोणाचा हात, ना कोणाचा धक्का. थे लागे."

"अन् आज? ओलेत्यानं?"

"जीव द्याले नव्हती चालली मी. थे करायचं तं मालगाड्या का कमी हायत इथी? म्या फक्त त्यायच्यावर सोडलं होतं. न्यायचं असन तं नेतीन, ठेवायचं असन तं ठेवतीन. म्या हात काढणार नव्हती, एवढंच."

हे ती अशा आवाजात म्हणाली जशी उद्या बाजाराला मेथी न्यायची की नाही ते सांगते आहे. मी भिंत धरली. कालपासून मी अडाणीपणाशी भांडत होते असं मला वाटत होतं. किसनरावांना, कौशल्याबाईंना, आळीतल्या सगळ्या बायांना शिव्या घालत होते. आणि सगळ्यांत जास्त करंट जिला कळत होता ती माझ्यासमोर बसून भाकरी मोडत होती.

"अन् मी?" मी ओरडलेच. "माह्यं काय? मी मेली होती का?"

"तू चांगली हायस. नोकरी हाय. तुले कोणाची गरज नाई."

"जळो थे नोकरी! मले हाय गरज!" आणि मी रडायला लागले, बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते तशी, भोकाड पसरून. मी तिच्यापुढं खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे थंड होते. तिनं ते काढून घेतले नाहीत, पण माझे धरलेही नाहीत. माझ्या हातात नुसते पडून राहिले.

बाहेरून किसनराव काकांनी आवाज दिला, "मंदाबाई, सुरू करू का वो?"

"करा," माय म्हणाली, नेहमीच्याच आवाजात.

बाहेर टाळ वाजायला लागले. माय म्हणाली, "सोड आता. भाईर जा, लोक हायत. साडी बदलतो मी."

"बदल," मी म्हटलं. "माह्यासमोर बदल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी का म्हणते आहे ते तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. ती वाद न घालता उठली, पाठमोरी झाली आणि कमरेची गाठ सोडायला लागली. बोटं एवढी गारठली होती की गाठ सुटेना. शेवटी मीच सोडली.